नदीकाठचा प्लॉट घेताय? आधी मातीचे पोट तपासा

धानोरा हे गडचिरोली जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. याच तालुक्यातून वाहत जाणारी कठाणी पुढे गडचिरोलीजवळ वैनगंगेला मिळते. नदी-नाल्याच्या काठची जागा सपाट असते, पाणी जवळ असते, रेती हाताशी असते आणि भावही बहुधा रस्त्यावरच्या प्लॉटपेक्षा कमी असतो. म्हणून गोदाम, गाळे, लग्नाचा हॉल किंवा राहते घर बांधायचे तर आपली नजर आधी अशाच जागेकडे जाते.

सौदा करताना आपण काय पाहतो? सातबारा कोणाच्या नावावर आहे, रस्ता किती फुटांचा आहे, वीज आहे का, पुराचे पाणी कुठवर येते. ही चौकशी रास्तच आहे. पण त्या मातीच्या पोटात काय मुरले आहे, हे विचारणारा शंभरात एखादा सापडतो. आमच्या या पानाचे वाचक गॅरेजवाले, वेल्डर, भंगारवाले, गवंडी, नळजोडणी करणारे, बोअर मारणारे आणि हार्डवेअरचे दुकानदार आहेत. यांतला कोणी विकणारा असतो, कोणी घेणारा, तर कोणी खड्ड्यात उतरून काम करणारा. तिघांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. म्हणून आज आम्ही डिझेल-पेट्रोल मुरलेली जमीन कशी ओळखावी आणि बांधकामाआधी तिची तपासणी कशी करून घ्यावी, याची माहिती देत आहोत.

थेंबाचा हिशोब

एक उदाहरण घेऊ. समजा, नाल्याच्या काठी वीस वर्षे ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड होती. लाकडी घोडीवर डिझेलचा २०० लिटरचा बॅरल आडवा ठेवलेला असे. त्याची तोटी थोडी गळकी होती. सेकंदाला एक थेंब, त्याकडे कोण लक्ष देतो? पण हिशोब करून पाहा. वीस थेंबांचा साधारण एक मिलिलिटर होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे दीड हजार लिटर. तोटी रोज गळली नाही, चार दिवसांतून एक दिवस गळली, तरी वर्षाला जवळजवळ दोन बॅरल डिझेल जमिनीत गेले. शिवाय इंजिनातून काढलेले काळे ऑइल मागच्या बाजूला ओतले, ते वेगळेच.

पुढे शेड मोडली. मालकाने वर दोन फूट मुरूम टाकून जागा सपाट केली आणि विकायला काढली. घेणाऱ्याने इसार दिला, कर्ज काढले, कॉलमचे खड्डे खोदले आणि चौथ्या फुटावर डिझेलचा भपकारा आला. खड्ड्यात पाणी साचले, तर त्यावर रंगीत तवंग. आता काम थांबले, मजूर बसले, व्याज मात्र चालू. ज्या विहिरीच्या भरवशावर जागा घेतली, तिचे पाणी पिण्याजोगे राहिलेले नाही. हे नुकसान कोणाचे? तपासणी आधी झाली असती, तर हा वाद उभाच राहिला नसता.

नदीकाठ अधिक नाजूक का?

डिझेल आणि पेट्रोल पाण्यापेक्षा हलके आहेत. जमिनीत ते खाली खाली झिरपतात आणि भूजलाची पातळी लागली की तिच्यावर थरासारखे पसरतात. नदीकाठी ही पातळी अगदी वर असते. काठची माती रेताड असेल, तर इंधन तिच्यातून भराभर सरकते. चिकण मातीत ते हळू जाते, पण चिकटून बसते.

त्यात पावसाळ्याची भर पडते. पातळी वर चढते, तेव्हा इंधनाचा थर तिच्याबरोबर वर येतो. उन्हाळ्यात खाली उतरतो. अशा चढउतारात मधली सगळी माती तेलाने माखते. म्हणून नदीकाठी दूषित मातीचा पट्टा कित्येक फूट जाड होऊ शकतो. आणि पूर आला, की वरचा थर धुऊन थेट पात्रात जातो. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला आलेला महापूर आपल्या भागातले लोक विसरलेले नाहीत. असे पाणी काठावरचे काय काय घेऊन जाते, ते सर्वांनी पाहिले आहे.

धोका कोणाला आणि किती?

पहिला धोका खड्ड्यात उतरणाऱ्याला. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्याच्या तळाशी साचते. हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेले, तरी एक ठिणगी पुरते. विडी, वेल्डिंग किंवा पंपाची सैल वायर, कशानेही भडका उडू शकतो. भडका नाही उडाला, तरी चक्कर येऊन माणूस आतच पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो.

दुसरा धोका पाण्याचा. पेट्रोलमध्ये बेंझिन नावाचे द्रव्य असते. त्याने रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा सांगितली आहे. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त एक टक्का चालते. या आकड्यांवरून हिशोब केला, तर एका लिटर पेट्रोलमधले बेंझिन आठ लाख लिटरांहून अधिक पाणी मर्यादेबाहेर नेऊ शकते. डिझेलमध्ये बेंझिन फार कमी असते. पण त्याचे जड घटक मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

तिसरा धोका बांधकामाला. तेल मुरलेल्या मातीची भार सोसण्याची ताकद घटते. तेलकट रेती काँक्रीटमध्ये वापरली, तर सिमेंट नीट धरत नाही. नळजोडणी करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: इंधनातले पातळ घटक प्लॅस्टिकच्या पाइपातून, विशेषतः काळ्या पॉलिथिनच्या पाइपातून, आत शिरतात. पाइप कुठेही फुटलेला नसतो, तरी नळाच्या पाण्याला वास येतो.

घडलेल्या दोन गोष्टी

ही भीती कागदी नव्हे. हॉलंडमध्ये लेक नदीच्या काठी लेकरकर्क नावाचे गाव आहे. तेथे जुने चर भरून काढून त्यावर नवी वस्ती बांधली गेली. चर कशाने भरले होते, हे घरे घेणाऱ्यांना ठाऊक नव्हते. १९८० मध्ये उघडकीस आले, की भरावात रंग आणि द्रावणांचा रासायनिक कचरा, पिंपांसकट पुरलेला होता. दोनशेहून अधिक कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि सरकारला माती खणून काढावी लागली. त्या प्रकरणानंतर त्या देशाने १९८३ मध्ये माती स्वच्छ करण्याचा स्वतंत्र कायदा आणला.

दुसरी गोष्ट जवळची. २०२३ च्या डिसेंबरात गोव्यात वास्कोजवळच्या दाबोळी भागात विहिरींच्या पाण्याला पेट्रोलसारखा वास येऊ लागला. जमिनीखालून गेलेल्या इंधनवाहिनीतली गळती त्यामागे असल्याचे पुढे आले. शेती, बागा आणि विहिरी, सर्वांना त्याची झळ बसली. गळती जमिनीवर दिसली नव्हती. ती विहिरीतून बोलली.

पहिली पायरी: जागेचा इतिहास

तपासणीची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही, चौकशीत होते. येथे एक मेख आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार डिझेलसारखे इंधन एका ठिकाणी २,५०० लिटरांपर्यंत, आणि कोणतेही एक भांडे १,००० लिटरांहून मोठे नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येते. म्हणजे पेट्रोल पंपाचा कागद सरकार दरबारी सापडेल. पण गॅरेज, गिरणी, इंजिन किंवा ठेकेदाराच्या डेपोत ठेवलेल्या बॅरलांचा कागद कोठेच नसेल. सातबाऱ्यावर तर पीक आणि पड एवढेच दिसते.

म्हणून शेजारच्या दोन-तीन वयस्कर माणसांना विचारावे. येथे आधी काय होते? बॅरल कोठे असत? गाड्या कोठे धूत? ऑइल कोठे ओतत? जमिनीत टाकी पुरलेली होती का, आणि असेल तर ती काढली की तशीच बुजवली? नगरपंचायतीच्या कर नोंदी आणि जुने वीजबिलही पाहावे. त्याच फेरीत पूररेषेची माहिती घ्यावी. महाराष्ट्रात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाची आशा धरूच नये.

दुसरी पायरी: डोळ्यांनी पाहणी

जागेवर सकाळी फिरावे. काळे डाग, गवत न उगवलेले तुकडे, ताज्या मुरमाचा संशयास्पद थर, काठाच्या उतारावरून झिरपणारे चकचकीत पाणी, हे सर्व टिपून घ्यावे.

मात्र प्रत्येक रंगीत तवंग डिझेलचा नसतो. आपल्या भागातल्या मातीत लोह पुष्कळ. लोहावर जगणाऱ्या जंतूंमुळेही साचलेल्या पाण्यावर अगदी तेलासारखी साय येते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. काडीने तवंग ढवळावा. जंतूंची साय काचेसारखी तुकडे होऊन फुटते आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग फाटला, तरी फिरून एक होतो. एवढे माहीत असले, तर चांगली जागा उगाच बदनाम होणार नाही.

तिसरी पायरी: खड्डे आणि नमुने

लहान प्लॉटसाठी निदान पाच ठिकाणे धरावीत: टाकी किंवा बॅरलची जागा, काम करण्याची जागा, सांडपाणी जाण्याची वाट, नदीकडची कड, आणि जिथे कधी काही झालेले नाही अशी वरच्या अंगाची स्वच्छ जागा. शेवटचा नमुना तुलनेसाठी असतो. प्रत्येक ठिकाणी दोन खोलींवरची माती घ्यावी: एक भरावाच्या खालची आणि दुसरी पाणी लागते तिथली. नुसती वरची माती नेली, तर आणलेल्या मुरमाचाच अहवाल हाती येईल.

खोदताना विडी-काडी दूर ठेवावी. माणूस छातीपेक्षा खोल खड्ड्यात उतरवू नये. हाताने फिरवण्याचा मातीचा गिरमिट वापरला, तर उतरण्याची गरजच नाही. माती नाकाशी नेऊन हुंगू नये. जागेवर अंदाज घ्यायचा तर काचेच्या बरणीत मूठभर माती आणि पाणी घालून हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. वर तवंग आला, तर संशय पक्का. तवंग आला नाही, म्हणून माती स्वच्छ असे मात्र समजू नये.

प्रयोगशाळेचा नमुना घेण्यात चूक झाली, तर सगळा खर्च वाया जातो. प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही. तीतून वाफ उडते. प्रयोगशाळेकडूनच घट्ट झाकणाच्या काचेच्या बरण्या मागवाव्यात. बरणी काठोकाठ भरावी, लगेच झाकावी, बर्फाच्या पेटीत ठेवावी आणि होईल तितक्या लवकर पोचवावी. वेगवेगळ्या खड्ड्यांची माती एकत्र करू नये. दर खड्ड्यानंतर अवजार धुवावे. बरणीवर जागा, खोली, तारीख आणि वेळ लिहावी, आणि विकणारा व घेणारा दोघांच्या समक्ष सही करावी. पुढे वाद झाला, तर ही सहीच कामाला येते.

शक्य असेल तर मे महिन्यात, पाणी खोल असताना एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा अशी दोनदा तपासणी करावी.

चौथी पायरी: प्रयोगशाळेत काय मागावे?

"माती तपासून द्या" एवढेच सांगितले, तर शेतीच्या मातीची तपासणी होईल, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीतही क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जंतू पाहतात. डिझेल त्यात दिसत नाही. म्हणून स्पष्ट शब्दांत तीन गोष्टी मागाव्यात. एक, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, ज्याला टीपीएच म्हणतात. दोन, बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन आणि झायलिन हा गट, म्हणजे बीटेक्स. तीन, काळे ऑइल ओतलेले असेल तर जड धातू आणि पीएएच नावाची द्रव्ये. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. त्यामुळे त्याआधीच्या गॅरेजची किंवा पंपाची जागा असेल, तर शिशाची तपासणी जरूर सांगावी. काठावर विहीर असेल, तर तिच्या पाण्याचा नमुनाही द्यावा.

आपल्या भागाला जवळचे मोठे केंद्र नागपूर. पर्यावरणाच्या क्षेत्रातली राष्ट्रीय संस्था नीरी तेथेच आहे. खासगी प्रयोगशाळा निवडताना तिला एनएबीएलची मान्यता आहे का आणि ती मान्यता याच चाचण्यांसाठी आहे का, हे विचारावे. दर आधी लेखी घ्यावा.

अहवालातला आकडा किलोला मिलिग्रॅममध्ये असतो. तो कसा वाचायचा? हॉलंडमध्ये खनिज तेल किलोला ५,००० मिलिग्रॅमच्या वर गेले, की माती गंभीर दूषित धरतात. आपल्या २०१६ च्या घातक कचरा नियमांतही टीपीएचसाठी ५,००० हाच आकडा आहे. पण त्याखाली सगळे ठीक, असा अर्थ घेऊ नये. विहीर जवळ असेल किंवा बेंझिन सापडले असेल, तर कमी आकडाही चिंतेचा. स्वच्छ जागेच्या नमुन्याशी तुलना करून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

माती दूषित निघाली तर?

घाबरून माती नदीत लोटू नये आणि दुसऱ्याच्या भरावालाही देऊ नये. हा गुन्हा तर आहेच, शिवाय आपला रोग शेजाऱ्याला देण्यासारखे आहे. खोदलेली माती जाड प्लॅस्टिकवर ढीग करून वरून झाकावी, पाण्याची वाट बंद करावी आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर येथील प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. त्यांत संशयित जागा शोधण्याचे काम स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनावर टाकले आहे, आणि प्रदूषण ज्याच्यामुळे झाले त्याने सफाईचा खर्च सोसावा, हे तत्त्व ठेवले आहे. म्हणून नगरपंचायतीकडेही अर्ज देऊन पोच घ्यावी.

थोडी डिझेलची माती असेल, तर इलाज आवाक्यातला असतो. मातीतले जंतू तेल खातात. त्यांना हवा, ओलावा आणि थोडे खत हवे असते. जाणकाराच्या देखरेखीखाली मातीचा थर पसरून, पालटून, ओलसर ठेवून काही महिन्यांत प्रमाण बरेच खाली आणता येते. दिल्लीच्या टेरी संस्थेने अशाच जंतूंचे ऑइल झॅपर नावाचे मिश्रण तयार केले आहे. पेट्रोल, काळे ऑइल किंवा भूजलापर्यंत गेलेला थर असेल, तर मात्र हे घरगुती काम नव्हे.

सौद्यात काय लिहावे?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५५ सांगते, की मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या काळजीने कळण्यासारखा नाही, तो विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. जमिनीखालचे डिझेल हा नेमका असाच दोष. म्हणून इसारपावतीतच तीन वाक्ये घालावीत: जागेचा पूर्वीचा वापर काय होता, मातीची तपासणी अमुक मुदतीत होईल आणि तिचा खर्च कोण देईल, आणि माती दूषित निघाल्यास इसार परत मिळेल की सफाईचा खर्च किमतीतून वजा होईल. ठेका घेणाऱ्या गवंड्याने आणि बोअरवाल्यानेही आपल्या करारात लिहून घ्यावे, की जमिनीत इंधन निघाल्यास काम थांबेल आणि थांबलेल्या दिवसांची भरपाई मिळेल.

आता विकणाऱ्या बांधवांसाठी दोन शब्द. आज जो गॅरेज चालवतो, तोच उद्या प्लॉट विकणार असतो. तोटीखाली पत्र्याचा ट्रे ठेवणे, कामाच्या जागी काँक्रीटची फरशी करणे, काळे ऑइल बॅरलमध्ये साठवून अधिकृत घेणाऱ्याला पावती घेऊन देणे, याला फार पैसा लागत नाही. त्या पावत्यांची फाइल हीच उद्या जमिनीची किंमत वाढवील.

हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले निघाले. पावसाने भिजले, असे व्यापाऱ्याने सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्याला विचारले, ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. दोन फूट मुरमाखाली झाकलेले डिझेल हा त्याच ढिगाचा आजचा प्रकार आहे. विकणाऱ्याने ऐब सांगावा, घेणाऱ्याने हात घालून पाहावा. पाच बरण्या माती आणि एक अहवाल एवढ्याने कित्येक लाखांचा सौदा, शेजाऱ्याची विहीर आणि खड्ड्यात उतरणाऱ्या मजुराचा जीव वाचत असेल, तर तो खर्च नव्हे, बचत आहे.